सॅक्रामेंटो ते सॅन फ्रान्सिस्को : किंग्ज-वॉरियर्सच्या पहिल्या राऊंडच्या मागे मागे

एप्रिल २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला ताईकडे जायचं ठरलं तेव्हा एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचं, वेळापत्रक डोक्यात नव्हतं असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि कोणीही विश्वास ठेवला नाही. पण प्लेऑफच्या (म्हणजे बाद फेरीच्या, सातपैकी चार मॅच जिंकणारा पुढे) पहिल्याच राऊंडला सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध गोल्डन स्टेट वॉरियर्स पडेल हे काय मी ठरवलं होतं का? आपल्या विभागात किंग्ज तिसरे, वॉरियर्स सहावे, दोन्ही गावांत जेमतेम दीडशे किलोमीटर अंतर आणि ताईचं घर वॉरियर्सच्या इलाख्यात. दाजी आणि भाचा दोघंही कट्टर वॉरियर्सवाले. मी किंग्जवाला.

आता पुण्याचा माणूस किंग्जचा फॅन कसा, तर ऑक्टोबर २०१९ ला किंग्ज आणि इंडियाना पेसर्स मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये दोन प्रदर्शनीय मॅच खेळले होते, त्यातल्या दुसऱ्या मॅचला मी होतो. किंग्ज १३०-१०६ असे सपाटून हरले आणि मला तेच आवडले. किंग्जचे मालक विवेक रणदिवे, मूळचे मुंबईचे, जुहूत वाढलेले. गंमत म्हणजे त्याआधी त्यांचा वॉरियर्समध्येही हिस्सा होता, तो विकून २०१३ ला त्यांनी आणि इतरांनी मिळून किंग्ज घेतले, नाहीतर टीम सिअ‍ॅटलला चालली होती. आणि त्या वरळीच्या मॅचला पेसर्सकडून जो डोमँटस सबोनिस आला होता तो एव्हाना किंग्जचा मुख्य खेळाडू झाला होता. म्हणजे दोन्ही बाजूंनी आपलीच माणसं, असं मी दाजींना समजावून सांगितलं, त्यांनी "हो का" म्हणून चहा घेतला.

शनिवार, १५ एप्रिल : पहिली मॅच, दाराबाहेरून

फ्रीमाँटच्या सेंटरव्हिल स्टेशनवरून कॅपिटॉल कॉरिडॉर नावाची ट्रेन थेट सॅक्रामेंटोला जाते. गाडीत वायफाय, टेबल, कॅन्टीन, आणि रिचमंड सोडलं की गाडी अगदी खाडीच्या काठाने जाते, मग मार्टिनेझचा पूल, मग दलदल, पक्षी. मी खिडकीला नाक लावून बसलो होतो, ताईने दिलेली थालीपिठं मार्टिनेझच्या आधीच संपली. त्या वर्षी कॅलिफोर्नियात पाऊस प्रचंड झालेला त्यामुळे सगळं हिरवंगार, तिथले लोकच म्हणत होते की असं दरवर्षी नसतं.

(टीप : गाडीने जाऊ नका असं मी म्हणत नाही, पण एकदा तरी ट्रेनने जाच. सॅक्रामेंटो स्टेशनवरून स्टेडियम चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. फक्त रात्रीची मॅच असेल तर परतीची ट्रेन मिळेल असं धरून चालू नका, मुक्कामाची सोय आधी करा.)

मुक्कामाची सोय म्हणजे माझा कॉलेजचा मित्र, सॅक्रामेंटोजवळ फोलसमला राहतो. त्याला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही, आयपीएल चालू होती, त्याचा जीव तिकडे. तरी आला बिचारा सोबत.

पहिल्या मॅचची तिकिटं आमच्या आवाक्याबाहेर होती. १६ सीझन प्लेऑफ न खेळलेली टीम, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दुष्काळ, २००६ नंतर पहिल्यांदा गावात प्लेऑफची मॅच, मग भाव काय असणार. पण आम्ही गेलो कारण किंग्जच्या स्टेडियमच्या, म्हणजे गोल्डन १ सेंटरच्या, बाहेर मोठं पटांगण आहे, आजूबाजूला पब आणि रेस्टॉरंट, आणि सगळं गाव तिथेच होतं. लहान पोरं, आज्या, जांभळे केस, जांभळी कुत्री, कारण जांभळा हा किंग्जचा रंग. आणि घंटा! किंग्जच्या फॅन्सची जुनी सवय आहे, गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन मॅचला यायचं. लेकर्स या लॉस एंजेलिसच्या टीमच्या कोचने, फिल जॅक्सनने, कधीकाळी या गावाला गुराखी लोकांचं गाव म्हणून हिणवलं, तर यांनी चिडायच्या ऐवजी घंटाच आणल्या. एकदम हजारो घंटा वाजायला लागल्या तेव्हा मला आजोळचा बैलपोळा आठवला, मित्र म्हणाला तू सेंटी होऊ नकोस.

आम्ही एका पबच्या काचेतून टीव्ही बघत होतो आणि त्यात एक मजा अशी की स्टेडियमच्या आतला आवाज आधी यायचा आणि टीव्हीवर बास्केट काही सेकंदांनी पडायचा. म्हणजे आत गर्जना झाली की बाहेर सगळे हात वर करून तयार, मग स्क्रीनवर किंग्जचा फॉक्स उडी मारणार. भविष्य कळल्यासारखं वाटतं. आतून "आऽऽ" असा आवाज आला की आमचे चेहरे आधीच पडलेले.

शेजारी एक आजोबा होते, पासष्ट-सत्तरचे, हातात गंजलेली घंटा, म्हणाले ही आर्को अरीनापासूनची आहे, म्हणजे जुन्या स्टेडियमपासूनची. मी किंग्जचा, भारतातून आलोय म्हटल्यावर त्यांनी मला २००२ च्या प्लेऑफमधली लेकर्सविरुद्धची सहावी मॅच ऐकवली, चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारे मोकळे शॉट) दिले होते, त्यातले प्रत्येक फाऊल त्यांना पाठ. एकवीस वर्षं झाली तरी माणूस तावातावाने बोलत होता. आपल्याकडे शारजाच्या मियाँदादच्या सिक्सबद्दल बोलणारे काका असतात ना, तेच हे.

मॅच किंग्जनी १२६-१२३ जिंकली. डीअ‍ॅरन फॉक्सची पहिलीच प्लेऑफ मॅच आणि ३८ पॉइंट, मलिक मंक बेंचवरून येऊन ३२, चौदापैकी चौदा फ्री थ्रो. शेवटी वॉरियर्सच्या स्टार स्टीफ करीचा थ्री (तीन पॉइंटचा लांबचा शॉट) हुकला तेव्हा आजोबांनी आधी माझ्या मित्राला मिठी मारली, ज्याला स्कोअरही माहीत नव्हता.

आणि मग बीम. जिंकल्यावर स्टेडियमच्या छतावरून जांभळ्या लेसरचा झोत सरळ आभाळात सोडतात, त्याच सीझनला सुरू केलेलं. फोटोत बघून मला वाटलेलं की काय ते दिवे. प्रत्यक्षात हजारो लोक "लाईट द बीम" ओरडत मान वर करून उभे असतात आणि तो झोत लागतो, तेव्हा अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू.

रविवार, १६ एप्रिल : गाव बघितलं

ओल्ड सॅक्रामेंटो म्हणजे नदीकाठचा जुना भाग, लाकडी फुटपाथ, सोन्याच्या शोधात लोक आले त्या काळातल्या इमारती, थोडं टुरिस्टी आहे. पण रेल्वे म्युझियम चुकवू नका. पूर्व-पश्चिम जोडणारी जी रेल्वे १८६९ ला पूर्ण झाली तिचं पश्चिमेकडचं टोक इथून सुरू झालं होतं, आणि तिथली खरीखुरी इंजिनं इतकी मोठी आहेत की मित्राची मुलगी घाबरून बाहेरच पळाली. टॉवर ब्रिज सोनेरी रंगाचा, फोटोला छान.

सगळ्यात भारी म्हणजे दुकानांच्या काचा, बेकरीतले डोनट, बँकेची पाटी, सगळं जांभळं. आमच्या उबरचा ड्रायव्हर सरदारजी, युबा सिटीचा. तिकडे शंभर वर्षांपासून पंजाबी शेतकरी आहेत. त्याने स्वतःहून सिम भुल्लरचा विषय काढला, २०१५ ला किंग्जकडून खेळलेला, एनबीएत उतरलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. "तीनच मॅच खेळला, पण खेळला ना!" असं हिंदीत म्हणाला आणि मग मला किंग्ज चार मॅचमध्येच सीरिज कशी संपवणार हे समजावत राहिला.

सोमवार, १७ एप्रिल : आत!

सकाळी सात वाजता मित्राकडे चेन्नई-बंगळुरू. चेन्नईचे २२६, आरसीबी ८ रनांनी हरली, पोहे, चहा. संध्याकाळी सात वाजता किंग्ज-वॉरियर्स. असा दिवस आयुष्यात वारंवार येत नाही.

तिकीट एकच घेतलं, वरच्या मजल्यावरचं, किती डॉलरला ते इथे लिहीत नाही कारण बायको हे वाचते. (टीप : एकेकटी सीट शोधा, जोडीने घेण्यापेक्षा बरीच स्वस्त पडते. आणि कानात घालायचे बोळे घेऊन जा, मी चेष्टा करत नाहीये.) स्टेडियममध्ये जेवण चांगलं, बरंचसं आसपासच्या शेतांतलंच वापरतात म्हणे. मी टाको खाल्ले, हिरवी चटणी आपल्या ठेच्याच्या जवळ जाणारी.

मॅचबद्दल काय सांगू, सगळ्यांनी तो एकच प्रसंग बघितलाय. चौथा क्वार्टर, सात मिनिटं राहिलेली, सबोनिस खाली पडला, त्याने वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनचा पाय धरला आणि ग्रीन त्याच्या छातीवर पाय देऊन पुढे गेला. वरून आम्हाला आधी कळलंच नाही, मग मोठ्या स्क्रीनवर रिप्ले लागला आणि १७ हजार लोकांचा जो आवाज निघाला तो मी तरी वानखेडेवरही ऐकला नाहीये. रेफरी रिप्ले बघतायत तोवर ग्रीन प्रेक्षकांना आणखी हातवारे करून डिवचतोय! शेवटी बाहेर काढला. माझं मत विचाराल तर सबोनिसनेही पाय धरायला नको होता, त्याला टेक्निकल फाऊल (गैरवर्तनाची शिक्षा) मिळाला तो बरोबरच, पण छातीवर पाय म्हणजे छातीवर पाय.

यात जो झाकला गेला तो किंग्जचा डेव्हियन मिचेल. करीला त्याने जो त्रास दिला तो टीव्हीवर दिसतच नाही, कारण कॅमेरा बॉलच्या मागे असतो. वरून दिसतं. करी बॉल नसताना सतत पळतो, आडोसा करून उभ्या राहिलेल्या एका सहकाऱ्यामागून दुसऱ्यामागे, आणि मिचेल त्याच्या शर्टाला चिकटलेला. मागच्या रांगेतल्या बाई फक्त मिचेलकडे बघत होत्या आणि त्याने करीला अडवलं की एकट्याच टाळ्या वाजवायच्या. ११४-१०६. किंग्ज २-० पुढे. पुन्हा बीम, यावेळी आतून बाहेर येईपर्यंत मानच दुखली.

गुरुवार, २० एप्रिल : सोफ्यावर

फ्रीमाँटला परत. ग्रीनला तिसऱ्या मॅचची बंदी, त्यांचा गॅरी पेटनही आजारी, आदल्या दिवशी आमचे कोच माइक ब्राऊन एकमताने कोच ऑफ द इयर, म्हणजे मी घरात थोडी मान ताठ करूनच वावरत होतो. भाचा म्हणाला, "मामा, थांब तू जरा."

थांबलो. ११४-९७ ने हरलो. करीचे ३६, पण मी दाजींना तेव्हाच म्हणालो की मला भीती वाटली ती त्यांच्या केव्हॉन लूनीची. २० रिबाउंड, म्हणजे हुकलेले शॉट पकडणं. सबोनिस त्या सीझनला एनबीएत सगळ्यात जास्त रिबाउंड घेणारा माणूस आणि त्याच्या समोरून हा शांतपणे बॉल उचलून न्यायचा. उडीपण फार मारत नाही, फक्त बॉल कुठे पडणार तिथे आधीच उभा असतो. दाजींनी हे ऐकून "बघ, तुलाही कळायला लागलं" म्हणत पाठ थोपटली, ती जास्त लागली.

शनिवारी अक्षय्य तृतीया होती. ताईने डब्यातल्या पल्पचा आमरस केला, हापूसच्या नावाने जे मिळतं तिकडे, साखर जरा जास्त पण पुऱ्या अप्रतिम. त्या दिवशी बास्केटबॉल हा शब्द काढायचा नाही असा तिचा हुकूम होता, दुपारपर्यंत पाळला.

रविवार, २३ एप्रिल : चेस सेंटर

दाजींनी तिकिटं काढली होती, म्हणून मी जांभळा टीशर्ट आतून घातला, वरून जॅकेट. बार्टने (तिथली मेट्रोसारखी ट्रेन) सॅन फ्रान्सिस्कोतल्या पॉवेलपर्यंत, तिथून जमिनीखालूनच युनियन स्क्वेअरची टी लाईन, ती थेट वॉरियर्सच्या स्टेडियमसमोर, म्हणजे चेस सेंटरसमोर, सोडते. (टीप : चेस सेंटरचं मॅचचं तिकीट दाखवलं की त्या दिवशी मुनीचा (शहराच्या बस-ट्राम, टी लाईन त्यातलीच) प्रवास फुकट. बार्टला हे लागू नाही. आणि जॅकेट न्याच, खाडीवरचा वारा एप्रिलमध्येही झोंबतो. दीड तास आधी पोचलात तर करीचा वॉर्म-अप बघायला मिळतो, दोन्ही हातांनी दोन बॉल टप्पे मारत. तो बघितल्यावर विरोधी फॅन म्हणून माझा निम्मा उत्साह गेला.)

स्टेडियम देखणं आहे, पैसा दिसतो, लसूण घातलेल्या फ्राईजचा वास सगळीकडे. पण लोक जरा... कसं सांगू, चार वेळा जिंकलेले लोक आहेत. आधीच्याच वर्षीचे चॅम्पियन. त्यांना माहीत असतं की कधी ओरडायचं आणि तोवर बसून राहतात. सॅक्रामेंटोत पहिल्या मिनिटालाच सगळे उभे. दाजींना हे पटत नाही, त्यांचं म्हणणं की ओकलंडचं जुनं स्टेडियम बघायला हवं होतंस, तिथला आवाज वेगळा होता, आणि हे बोलताना त्यांचाही चेहरा थोडा पडला. किंग्जचे फॅनही बरेच आलेले, वरच्या मजल्यावर तर चक्क घंटा ऐकू येत होत्या.

शेवटचं मिनिट मी अजून रात्री आठवतो. वॉरियर्स १२६-१२१ पुढे, आणि करीने टाइमआऊट मागितला. शिल्लकच नव्हता! टेक्निकल. दाजी डोकं धरून खाली बसले. असा नसलेला टाइमआऊट मागण्याचा सगळ्यात गाजलेला प्रकार १९९३ च्या कॉलेज फायनलमध्ये क्रिस वेबरचा, आणि वेबर नंतर कोणाचा स्टार झाला तर किंग्जचा, म्हणजे नियतीने हिशोब फिरवलाच म्हणायचा, असं मी दाजींच्या कानात सांगायला गेलो तर त्यांनी हात झटकला. मंकने फ्री थ्रो टाकला, फॉक्सने थ्री, १२६-१२५. करी चुकला. बॉल आपल्याकडे, दहा सेकंद, दोघांनी फॉक्सला घेरलं, त्याने बॉल हॅरिसन बार्न्सला दिला, एकदम मोकळा. बार्न्स म्हणजे पूर्वीचा वॉरियर्सचाच. बॉल हवेत असताना मी जॅकेटची चेन उघडली होती.

रिंगला लागून बाहेर. हातातोंडाशी आलेला घास. २-२.

पास द्यायला नको होता असं बरेच जण म्हणतात, मला नाही वाटत. मोकळा माणूस दिसला तर बॉल द्यायचा, यावरच ती टीम इतक्या वर आली होती.

दाजींनी बाहेर आल्यावर स्वतःहून मला कॉफी पाजली, माणूस मोठ्या मनाचा आहे.

बुधवार, २६ एप्रिल

फॉक्सच्या डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक फ्रॅक्चर असल्याचं सोमवारीच कळलेलं, आणि तो डावखुरा. तरी खेळला, २४ केले. घरच्या मैदानावर ११६-१२३ हरलो. लूनी २२ रिबाउंड. वॉरियर्स सीझनभर बाहेर ४१ पैकी ११ मॅच जिंकलेले आणि नेमकी ही जिंकायची होती त्यांना. जेवलो नाही, ताई चिडली.

शुक्रवार, २८ एप्रिल : योसेमिटी बुडालं, किंग्ज तरले

वीकेंडला सगळ्यांचं योसेमिटी नॅशनल पार्क ठरलं होतं. पण आठवड्यात एकदम ऊन वाढलं, त्या हिवाळ्यातला विक्रमी बर्फ वितळायला लागला आणि पुराच्या भीतीने शुक्रवारी रात्रीपासून व्हॅलीचा मोठा भाग बंद केला. भाच्याचा चेहरा उतरला, ताईने भरलेली बॅग उघडली. मला वाईट वाटलंच, पण संध्याकाळी पाचला सहावी मॅच होती त्यामुळे फार वेळ वाटू शकलं नाही.

(टीप : वसंतात योसेमिटीला जाणार असाल तर बर्फ किती पडला होता ते बघून ठरवा, आणि रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या.)

घरात सगळे हरणार-हरणार म्हणत असताना, चेस सेंटरवर जाऊन ११८-९९! मंक २८, फॉक्स २६, तुटक्या बोटाने. ब्राऊनने छोटी, पळणारी टीम उतरवली आणि वॉरियर्स एकदम म्हातारे दिसायला लागले. भाचा तिसऱ्या क्वार्टरनंतर अभ्यासाला बसतो म्हणून आत गेला, शुक्रवारी संध्याकाळी! मी काही बोललो नाही. फक्त दारातून एकदा स्कोअर सांगितला. दोनदा.

रविवार, ३० एप्रिल : सातवी मॅच

दाजी म्हणाले चल, सगळेच जाऊ सॅक्रामेंटोला, तिकीट नसलं तरी. दोन तास गाडी, मागच्या सीटवर भाचा करीच्या जर्सीत आणि मी किंग्जच्या, मध्ये ताई.

स्टेडियमपासून जवळ एका पिझ्झाच्या दुकानात बसलो. पूर्ण दुकान जांभळं आणि त्यात एक पिवळं पोर. मला जरा काळजी वाटत होती पण वेटर मुलीने त्याला बघून "अरे देवा, एक घुसलाच" असं काहीतरी म्हणून जादा गार्लिक ब्रेड आणून दिला.

हाफटाइमला किंग्ज ५८-५६ पुढे. तिसरा क्वार्टर सुरू झाला आणि मी जे दहा दिवस दाजींना सांगत होतो तेच झालं. वॉरियर्सचा शॉट चुकतो, लूनी बॉल परत घेतो, पुन्हा शॉट. पुन्हा चुकतो, पुन्हा लूनी. २१ रिबाउंड. चांगला डिफेन्स करून दमलेल्या टीमला पुन्हा सगळं पहिल्यापासून करायला लावणं यासारखी क्रूर गोष्ट नाही. करीचे ५० पॉइंट, सातव्या मॅचमध्ये तोवर कोणी इतके केले नव्हते, ते कौतुक करायलाच हवं, मीही केलं, शेवटी तर दुकानातले लोक हसायला लागले होते की काय हा माणूस. पण मला विचाराल तर सीरिज लूनीने नेली. करी ५० करणारच कधीतरी, ते हिशोबात धरलेलं असतं. सबोनिससमोर तीन वेळा वीस किंवा जास्त रिबाउंड हे कोणी धरलं होतं?

१२०-१००. भाचा उड्या मारायला उठला, आजूबाजूला बघितलं आणि गुपचूप बसला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या दोन टग्या पोरांनी येऊन त्याच्याशी हात मिळवले, "लेकर्सना मारा आता" म्हणाले. सॅक्रामेंटोत लेकर्सचा राग इतका की त्यासाठी वॉरियर्सही चालतात.

बाहेर पटांगणात लोक रेंगाळत होते, कोणी घरी जायला तयार नाही, अधूनमधून घंटा वाजायच्या. बीम अर्थातच नाही. येताना डेव्हिसच्या अलीकडे शेतात भरपूर पाणी साचलेलं दिसलं, दाजी म्हणाले हा मुद्दाम ठेवलेला पुराचा रस्ता आहे, शहर बुडू नये म्हणून पाणी इकडे सोडतात. मग भाच्याची आयस्क्रीमची मागणी आली आणि ताईने ती सर्वांच्या वतीने मंजूर केली.

पुढच्या राऊंडला लेकर्सनी वॉरियर्सना सहा मॅचमध्ये काढलं. ती शेवटची मॅच तिकडे १२ मेच्या रात्री, आमच्याकडे १३ तारखेच्या सकाळी साडेसातला सुरू झाली, मी पुण्यात परतलेलो. संपल्यावर भाच्याला फक्त गाईचा एक इमोजी पाठवला. त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं : "मामा, लेकर्स जिंकले म्हणून तू खूश आहेस, हे मी त्या आजोबांना सांगू का?"